रुळावरचा नारळ

पलूसजवळच्या एका बागेत जुन्या नॅरो गेज गाडीसाठी नवे रूळ टाकले होते. उद्घाटनाला डबे पोरांनी भरले, तरी इंजिनिअर दीपमाला गाडी सोडायच्या परवानगीवर सही करेना.

“स्लीपरखाली खडी कुठाय? नुसत्या मातीवर रूळ अंथरलेत! वळणावर डबा उलटला तर?” ती कंत्राटदारावर कडाडली.

“आवं मॅडम, बारकी गाडी हाय. तिला कशाला पायजेत मोठ्या रेल्वेचे नियम?” कंत्राटदार कृष्णात हसला.

तेवढ्यात बागेच्या ट्रस्टचे अध्यक्ष आले. पूजा करून त्यांनी रुळावर नारळ जोरात आपटला. नारळ फुटला नाही, रूळच खिळ्यासकट बाजूला सरकला.

अध्यक्ष लालबुंद झाले. कृष्णातवर खेकसले, “लेका, असला कसला नारळ आणलास? दुसरा आण, पोरं खोळंबल्यात!”