सरासरी दहा मिनिटं

या गणितातून बस डेपोतल्या आकडेतज्ज्ञाला बढती मिळणार होती, आणि बढती म्हणजे रोज वेळेवर घर. मार्गावरची एक बस कमी केली तरी चालतं, एवढंच दाखवायचं होतं. दोन बसमधलं एकेक अंतर कसंही उड्या मारत असलं, तरी चाळीस अंतरांची सरासरी शहाण्यासारखी दहा मिनिटांच्या आसपास बसते. ती तेराच्या वर जाण्याची शक्यता शंभरात तीन-चार. साहेब खूश, बस बंद.

महिन्याभरानं त्याची ताई त्याच मार्गाच्या बसनं कामावरून आली ती चपलांसकट खुर्चीत कोसळली.

"आज पुन्हा पाऊण तास! पायांचे तुकडे पडलेत."

"अगं ताई, सरासरी दहाच मिनिटं आहे. एखादी बस तर दोन मिनिटांतच मागोमाग येते."

"मग ती मला कशी कधी मिळत नाही? कुणाला मिळते रे?"

तो सवयीनं समजावायला गेला आणि मध्येच खाली बसला.

"फारशी कुणालाच नाही. दोन मिनिटांत स्टॉपवर येणार कोण? सगळे त्या पाऊण तासातच येतात."

छोट्या अंतरांनी सरासरी खाली आणली. साहेबांचा एका बसचा खर्च वाचला, त्याला बढती मिळाली, आणि दोन्हींची किंमत रांगेनं मोजली, उभ्या उभ्या.