कलशेट्टी सरांचा पासवर्ड

‘ब’ला बोट उचललं. मग ‘स’ला. रुद्राणीनं ‘स’ची बाराखडी म्हटली, तेव्हा ‘सू’ला पुन्हा उचललं. पुढच्या ‘ला’पर्यंत पोचेस्तोवर चनबसप्पांच्या कपाळावर घाम साचला होता.

बसूला.

लकवा मारल्यापासून चनबसप्पा कलशेट्टी सरांच्या देहात जागं राहिलं होतं ते एवढं उजव्या हाताचं बोट. आपण अक्षरं म्हणत जायची, हवं ते आलं की सर बोट उचलतील, ही युक्ती सकाळी नर्सनं दाखवली आणि रुद्राणीला नवरा परत मिळाल्यासारखं झालं. मिळाला तो मुलाचंच नाव घेत. बापाशी भांडून बसू घर सोडून गेला, त्यानंतर त्याचं नाव काढायची घरात बंदी होती. आता बंदी घालणाराच ते नाव काढत होता. पण बसूला काय? बोलवू, की कळवूसुद्धा नको? फोन तिच्या मांडीवरच होता.

“अहो री, सावकाश सांगा. बसूला काय करू? क... ख... ग...”

“येऊ का, वहिनी?”

मुख्याध्यापक कोकाटे शहाळं घेऊन दारात उभे होते. तब्येत कशी आहे, असं त्यांनी विचारलं खरं, पण उत्तरासाठी थांबले नाहीत. खुर्ची ओढून थेट कामावर आले. कलशेट्टी सर त्यांच्या शाळेतले कॉम्प्युटरचे शिक्षक. कुणाच्या तरी पेन ड्राइव्हमधून व्हायरस आला आणि सगळ्या शाळेचे निकाल खाऊन गेला, तेव्हापासून सरांनी एकूण एक कॉम्प्युटरला असं कुलूप घातलं होतं की पासवर्डशिवाय पेन ड्राइव्ह चालणारच नाही. तो पासवर्ड त्यांनी कुणाला दिला नव्हता, मुख्याध्यापकांनाही नाही. माणूस कितीही मोठा असो, तोंडाचा सैल असतो, असं त्यांचं मत.

“दुपारी संस्थेचे अध्यक्ष येतायत. पंचाहत्तरी आहे त्यांची. त्यांच्यावरची फिल्म पेन ड्राइव्हमध्ये आणलीय, सगळ्या वर्गांत एकदम दाखवायचीय. अन् मशीन घेतच नाही की! बाहेरचा माणूस बोलावला, तर तो म्हणतो सगळं पुसून टाकावं लागेल.”

“सर, ह्यांना बोलता येत नाही.”

“बोट हलतंय की. नर्सनं सांगितलं मला.”

“आत्ता नको. ते मला काहीतरी सांगायलेत. घरचं आहे.”

“दोनच मिनिटं, वहिनी. काय कलशेट्टी सर, सांगता ना?”

बोट उचललं. चटकन उचललं. बसूच्या नावाला रडतखडत वर येणारं बोट साहेबासमोर कसं ताठ झालं! रुद्राणीला राग आला, आणि तो कोकाट्यांपेक्षा नवऱ्याचाच जास्त आला. ती बाजूला झाली.

“ए... बी... सी...” कोकाट्यांनी तोंडी परीक्षा घ्यावी तशी सुरुवात केली. “कॅपिटल असलं तर दोनदा उचला, सर.”

पासवर्ड लांबलचक असावा, अक्षरं, आकडे, चिन्हं सगळं मिसळलेलं असावं, असं सर मुलांना सांगत. सांगायचे तसं वागणारे होते. अक्षरं झाली, आकडे झाले, मग कोकाट्यांनी मोबाइल उघडला आणि एकेक चिन्ह सरांच्या डोळ्यांपुढं धरायला सुरुवात केली. बोट मध्येच चादरीवर पडून राही. कोकाटे ते चिमटीत धरून नीट मांडून ठेवत आणि पुढं चालू करत. सरांच्या ओठाच्या कडेनं लाळ आली. रुद्राणीनं ती पदरानं टिपली.

“पुरे करा हो आता.”

“झालंच. सर, हे ओ आहे का शून्य?”

लोक मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खातात, असं म्हणतात. पण त्यासाठी निदान माणूस मरेपर्यंत तरी थांबावं लागतं.

“एकदा पहिल्यापासून तपासून घेऊ या,” कोकाटे म्हणाले, “नाहीतर मला परत हेलपाटा.”

आणि त्यांनी खरंच पहिल्यापासून तपासून घेतलं. मग शहाळं टेबलावर ठेवून ते घाईघाईनं निघाले.

रुद्राणी खाटेवर टेकली. “री, झालं त्यांचं. आता माझं. बसूला काय? क... ख... ग...” ती ‘ज्ञ’पर्यंत आली. बोट हललं नाही. तिनं पुन्हा ‘क’पासून सुरुवात केली, या वेळी प्रत्येक अक्षराला थांबत. मग तिनं त्यांचं बोट आपल्या हातात घेतलं. ते जड लागलं. ती ओरडली तशी नर्स आली, नर्सच्या मागोमाग डॉक्टर आले. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली आणि खालच्या आवाजात म्हणाले, “जवळच्या माणसांना बोलवून घ्या.”

तिनं बसूचा नंबर काढला. दाबायला गेली आणि थांबली. बसूला बोलवू नको, असंच म्हणायचं असलं तर? आयुष्यभर आपण ह्या माणसाच्या शब्दाबाहेर गेलो नाही, आता शेवटच्याला जायचं? आणि बोलव म्हणायचं असलं आणि आपण गप्प बसलो, तर बसूला काय तोंड दाखवायचं?

याच विचारात दुपार झाली आणि हातातला फोन वाजला. कोकाटे होते. मागं पोरांच्या टाळ्या कडकडत होत्या.

“वहिनी, उघडलं बघा! अध्यक्ष लई खूश. अन् ते कुलूपच काढून टाकलं आम्ही, उगं परत कुणाला त्रास नको. सरांना सांगा, आता निवांत झोपा म्हणावं.”