मे महिन्याचं माप

मोईजनं विहिरीत टेप सोडली आणि खालून पाण्याचा आवाज आला, तेव्हा तो एकटाच दचकला. काठावरची दहा-बारा माणसं फोटोसाठी उभं केल्यासारखी गुपचूप उभी होती.

"तेरा मीटर चाळीस," तो म्हणाला. विहीर सोळा मीटरची, म्हणजे अडीच मीटरच्या वर पाणी. त्यानं वहीची मागची पानं चाळली. "मार्चमध्ये मीच आलो होतो. कोरडी होती. मग मे महिन्यात पाणी कुठून आलं?"

"झरा फुटला साहेब," माजी सरपंच नत्थुजी म्हणाले. "गावाचं नशीब, दुसरं काय!"

मोईज भूजल खात्यात होता. वर्षातून चार वेळा ठरलेल्या विहिरी मोजायच्या, एवढंच त्याचं काम. त्या आकड्यांवरून अमरावतीच्या ऑफिसात गावं चार वर्गांत बसवली जात. सुरक्षित, अंशतः शोषित, शोषित, अतिशोषित. शेवटच्या वर्गातल्या गावाला सरकारी विहीर मिळत नाही आणि बोअरची परवानगीही मिळत नाही. हे गाव त्याच वर्गाच्या दाराशी येऊन टेकलं होतं. संत्र्याच्या बागांसाठी लोकांनी हजार हजार फूट जमीन पोखरली होती, आणि आता आणखी पोखरायची सोय हवी होती.

त्यानं बादली सोडून थोडं पाणी वर काढलं आणि ओंजळ नाकाशी नेली. ब्लीचिंग पावडरचा वास आला. झऱ्याला हा वास येत नाही, हे कळायला खात्याची परीक्षा द्यावी लागत नाही.

"गावचा पाण्याचा टँकर कधी आला होता?"

सगळे एकदम दुसरीकडे पाहू लागले. नत्थुजींनी चहा सांगितला. मग गर्दीतून पार्बताबाई पुढे आली.

"आज पहाटंच आला. दोन होते. दोन्ही यात ओतले."

"बाई!" नत्थुजी ओरडले.

"काहून लपवू? त्याले नाक नाही काय?" ती मोईजकडे वळली. "मावशी समजून ऐकून घे, बापू. दोन एकर हाये माहं, इथून दोन बांध पलीकडं. बुढा गेला तवापासून विहिरीसाठी अर्ज करून राहिली. अकरा वर्षं झाले. अवंदा यादीत नाव आलं. गाव तुह्या त्या शेवटच्या वर्गात गेलं, तं माही विहीर गेली."

"आणि प्यायचं पाणी?"

"तू गेला का यातूनच काढून घ्यायचं, असं ठरलं हाये. आता चार दिवस टँकर नाही."

तिच्या मागं बाया उभ्या होत्या, कमरेवर घागरी घेऊन. आपण किती वेळ लावतो आहोत हे त्या पाहताहेत, हे मोईजला आता कळलं. तो कठड्यावर बसला. चहा आला, तो प्यायला. नत्थुजींनी आधी विनवण्या केल्या, मग आमदाराचं नाव काढलं, मग पुन्हा विनवण्या केल्या. यात तासभर गेला.

मोईजनं टेप परत सोडली. चौदा मीटर सत्तर.

"मावशी, इकडे या. पाहा. जमीन पाणी पिऊन राहिली. वरून ओतलेलं पाणी ही विहीर धरत नाही. तुमचं वावर यापासून दोनच बांध पलीकडे. तुमच्या नव्या विहिरीत कुठून येणार?"

"मले मालूम हाये," पार्बताबाई म्हणाली.

"मग?"

"कोरडी तं कोरडी. पण माही असू दे."

खरा आकडा लिहिला, तर या बाईची अकरा वर्षं पाण्यात. खोटा लिहिला, तर पावसाळ्याआधी गावात बोअरच्या पंचवीस गाड्या उभ्या राहणार आणि उरलंसुरलंही उपसलं जाणार. त्याला स्वतःचा राग आला, नत्थुजींचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या टेपचा आला. त्यानं पेन काढलं आणि १३.४० लिहिलं. खाली सही केली. नत्थुजींनी साक्षीदार म्हणून सही केली, तीही मोठ्या थाटात, आणि जेवू घातल्याशिवाय त्याला सोडलं नाही. त्यात आणखी तासभर गेला. मोटरसायकलला किक मारताना मोईजनं कुणाकडे पाहिलं नाही.

गाडी वळणाआड गेल्याबरोबर बाया कठड्याशी आल्या. पहिली बादली पार्बताबाईची, असं सगळ्यांनी कबूल केलं, कारण साहेबाशी तीच बोलली होती. तिनं दोर सोडला. दोर सुटत गेला, सुटत गेला, आणि खाली बादली धपकन बसली. पाण्याचा आवाज आला नाही. तिनं दोन हिसके देऊन बादली आडवी केली, भरू दिली आणि ओढून वर घेतली.

तिनं घागरीच्या तोंडावर पदर अंथरला आणि बादली त्यावर रिकामी केली. काळा चिखल पदरावर पसरला.

"पार्बताबाई, तुही विहीर पक्की झाली बरं का," नत्थुजी मागून म्हणाले. ते मनापासून खूश होते. "आता जागा दाखवून ठेव, कुठं खोदायची ते."

तिनं मान वर केली नाही. दोन्ही हातांनी ती पदर पिळत होती, आणि घागरीत थेंब पडल्याचा आवाज येतो का, म्हणून सगळ्या बाया गप्प उभ्या होत्या.