फुंकायला नकार

दम्याने व्हर्नाच्या छातीत निम्माच श्वास ठेवला होता; दारूला तर तिने जन्मात हात लावला नव्हता. ती शाळेची बस चालवायची. एका संध्याकाळी बस लावून घरी जाताना पोलिसाने तिची गाडी अडवली. चारदा फुंकूनही दारू तपासायच्या यंत्रात आकडा उमटेना, तेव्हा त्याने फुंकायला नकार दिल्याचा गुन्हा लावला आणि लायसन्स काढून घेतलं. कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या कोर्टात तिची वकील कुजबुजली, “कबूल करून टाक, मावशी. वर्षभर लायसन्स मिळणार नाही, एवढंच.” “न केलेलं कबूल करू?” व्हर्ना म्हणाली. सरकारी वकिलाने टोमणा मारला, “मुद्दामच हळू फुंकलंत ना?” “आणा ते यंत्र!” व्हर्ना कडाडली. न्यायाधीशांनी मान डोलावली. व्हर्नाने जीव खाऊन फुंकलं. पुन्हा फुंकलं. ओठ निळे पडले, यंत्र कोरंच. तिसऱ्यांदा तिने नळी तोंडाला लावताच तिला अडवणारा पोलीसच ओरडला, “पुरे, आजी!” ती निर्दोष सुटली. त्याने पाणी पुढे केलं. “पाणी राहू दे, पोरा. माझं लायसन्स आण.”