मुलींची पदवी

रांगेत पुढे दोघंच उरले, तशी दीपालीनं वडिलांच्या हातातली कागदांची पिशवी काढून घेतली.

"तात्या, खिडकीशी मी बोलणार. तुम्ही नुसतं उभं राहायचं."

"बरं बाई," तात्याराव म्हणाले. "हे बघ, तोंडाला कुलूप."

सरकारी कॉलेजच्या त्या लांबलचक हॉलमध्ये भयंकर उकडत होतं. ज्याच्या प्रवेशासाठी हा सगळा खटाटोप चालला होता तो राकेश बाहेर पार्किंगमध्ये मित्रांशी अमेरिकेच्या गप्पा मारत होता. त्याला सॉफ्टवेअरमध्ये जायचं होतं. त्या वर्षी अर्ध्या पुण्याला सॉफ्टवेअरमध्येच जायचं होतं म्हणा. दीपालीनं मात्र आज अर्धी रजा टाकली होती ती भावासाठी नाही, वडिलांसाठी. खिडकीवर पाटी होती: पदवी, पदविका, प्रमाणपत्र. या तीन शब्दांशी तात्यारावांना एकटं सोडायचं नाही, हे तिनं केव्हाच ठरवून टाकलं होतं.

तिच्या स्वतःच्या प्रवेशाच्या वेळी ती कांजिण्यांनी अंथरुणात होती. तात्याराव पाणीखात्यात व्हॉल्व्हमन. सकाळचं पाणी सोडून ते तसेच एकटे या हॉलमध्ये आले आणि दुपारी पेढे घेऊन घरी गेले. "झालं काम. पदविकेला घातलं पोरीला."

"पदविका? अहो तात्या, पदवी सांगितली होती मी!"

"अगं तेच ते," तात्याराव म्हणाले. "गायकाची गायिका, शिक्षकाची शिक्षिका, तशी पदवीची पदविका. मुलांची ती पदवी, मुलींची ती पदविका. एवढं कळतं मला."

शेजारच्या श्यामलावहिनी दारात उभ्या होत्या. त्यांना हसून हसून ठसका लागला. दीपाली उशीत तोंड खुपसून रडली. अंगावरचे फोड सुकल्यावर ती कॉलेजात धावली, तोवर पदवीच्या जागा भरून गेल्या होत्या. पण करणार काय? ज्या माणसानं मुलीला शिकवायचं म्हणून उन्हात रांग लावली, पेढे वाटले, त्याच्यावर रागवायचं तरी कसं? ती पदविकेला बसली. पुढे बिबवेवाडीतल्या त्यांच्या गल्लीत ही गोष्ट प्रत्येक बारशाला आणि साखरपुड्याला निघायची, आणि सगळ्यांत मोठ्यानं हसायचे ते तात्याराव.

दीपालीसुद्धा हसायची. आता ती एका काचेच्या इमारतीत दिवसभर माहिती भरत बसायची, तीही कंत्राटावर. तिनं काम शिकवलेल्या मुली वरच्या मजल्यावर गेल्या, कारण त्या पदवीधर होत्या. कंपनीची बस कायम नोकरीवाल्यांना. ही पीएमटीच्या थांब्यावर. बाहेरून पदवी करायचं दरवर्षी ठरायचं आणि दरवर्षी घरात काहीतरी निघायचं: आईचं ऑपरेशन, राकेशचा क्लास. जिवाला लागायचं फार. पण चूक भोळ्या माणसाची होती, म्हणून ती पचली. ऑफिसात कुणी विचारलंच तर ती गायिका-शिक्षिकेचा किस्सा रंगवून सांगायची आणि डोळे पुसत म्हणायची, "आमचे तात्या म्हणजे देवमाणूस आहेत हो."

"पुढे या," खिडकीतल्या बाई म्हणाल्या.

दीपालीनं कागद आत सरकवले. बाईंनी गुणपत्रिकेवर बोट फिरवलं आणि ते गणितापाशी थांबलं.

"पदवी की पदविका?"

दीपालीनं तोंड उघडलं, पण तात्यारावांनी आधीच खिडकीला तोंड लावलं होतं. "पदवी."

दीपालीला बरंच वाटलं. शिकले म्हणायचे तात्या.

"गणितात काठावर आहे हो मुलगा," बाई म्हणाल्या. "पदवीला तीन वर्षं गणित मानगुटीवर बसेल. पदविकेला घाला. दोन वर्षांत हाताशी येईल. तुम्हाला फरक सांगते, पदविका म्हणजे..."

पदवीच्या फक्त दोन जागा उरल्या होत्या आणि मागून रांग रेटत होती. तात्यारावांचा धीर सुटला.

"फरक मला नका सांगू, बाई! पदविकेवर पोरगा जन्मभर कारकुनी करील. मुलीच्या वेळेला तुम्हीच तर मला खुर्ची देऊन सगळा फरक समजावला होता!"

बाईंनी चष्मा वर सरकवला. तात्यारावांकडे बारकाईनं पाहिलं.

"अरे हो, ते तुम्ही! कांजिण्यावाल्या मुलीचे वडील. एवढे छान मार्क तिचे. मी किती गळ घातली होती तुम्हाला. पण तुमचं आपलं एकच, पोरीची जात, लवकर कमावती होऊ दे, मागून मुलाचं शिक्षण आहे." त्यांनी शिक्का उचलला. "काय करते हो ती आता?"

तात्यारावांनी खिडकीच्या कडेवरचा हात काढून घेतला. ते मागे वळले. दीपाली त्यांच्याकडेच बघत होती.

"दीपे," ते म्हणाले, "माझ्या तोंडून चुकून निघून गेलं गं."

इतक्या वर्षांत तात्यारावांची खरी चूक झाली ती ही एवढीच.