होडी सुटेपर्यंत
धाकट्या मुलाचं लग्न झालं, त्याच वर्षीची गोष्ट. नात हेमांगी मुरुडच्या खाडीत बांबूच्या तराफ्यांवर समुद्री शेवाळ वाढवून कॉलेजसाठी संशोधन करत होती. तराफे तिच्या आजोबांनी बांधून दिले होते. "येवढा खटाटोप गवतासाठी? दोन पापलेटं तरी लाव त्यात," म्हणून ते तिला चिडवायचे. त्या मंगळवारी तिच्या मॅडम मुंबईहून पिकाचं वजन करायला आल्या होत्या. त्यांच्यासमोर वजन झालं तरच तिला पुढच्या संशोधनाची जागा मिळणार होती, आणि त्या संध्याकाळीच परत जाणार होत्या. आमच्या कोळीवाड्यात कोणी गेलं, की त्या दिवशी एकही होडी पाण्यात उतरत नाही. आजोबा आठवडाभर अंथरुणाला खिळलेले. हेमांगीने अंगणातूनच विचारलं, "आजी, आजोबांना भेटून जाऊ?" "आल्यावर भेट. आत्ताच डोळा लागलाय." ती किनाऱ्याकडे धावली. तेवढ्यात शेजारची गोदू पेजेचं भांडं घेऊन आली. "वयनी, भावोजी कसं हायत?" "निजलेत. भांडं इथंच ठेव." "आणि तू येवढी घामाघूम का?" मी उंबऱ्यातून हलले नाही. माझे कान तराफ्यांकडे निघालेल्या हेमांगीच्या होडीच्या इंजिनाकडे होते. ते सुरू झालं आणि बंद पडलं. गोदू बोलतच होती. इंजिन पुन्हा सुरू झालं, आवाज दूर दूर गेला. मग मी गोदूचा हात धरून हंबरडा फोडला. हेमांगीचे आजोबा, माझे मालक मोरेश्वर, त्या मंगळवारी पहाटे, उजाडायच्या आधी वारले.