कागदी मुकुट

पुण्याच्या चर्चमधून आलेले ब्रदर आमच्या वस्तीवरच्या पोरांना स्वर्ग असा दाखवत होते, जणू प्लॉट पाडून विकायलाच काढलाय. हात वर करील त्याला सोनेरी कागदाचा मुकुट, वर मुकुटासकट फोटो.

सगळ्यांचे हात वर गेले, कौसाबाईच्या धाकटीचा नाही.

"तुला नको का स्वर्ग?"

"माझी आई असंल का तिथं? ती मरीआईला दिवा लावती."

"मरीआईला? मग तिला कोण आत घेतंय!"

"मग मी पण न्हाई येत."

ब्रदर माझ्याकडे वळून कीव केल्यासारखं हसले. "बाई, संडे स्कूल चालवता की नुसती पोरं सांभाळता? येशूबद्दल हिला काहीच शिकवलेलं दिसत नाही."

मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "शिकवलंय की बाईंनी. आपल्यासाठी येशूनं पण स्वर्ग सोडलाच व्हता ना?"